रेकॉर्डवरून सॅम्पल घेताना आवाज फाटतो: तीनदा परतलेली तक्रार आणि तिची तीन कारणं

घरात आजोबांनी जमवलेल्या साठ-सत्तर रेकॉर्ड आहेत. नाट्यपदं, भावगीतांच्या छोट्या ईपी, थोड्या लावण्या, सनईच्या दोन. मी त्यांतले अगदी लहान तुकडे, म्हणजे सॅम्पल, उचलतो. पदाआधीची ऑर्गनची ओळ, ढोलकीचा एक तोडा, गायिकेने दम घेऊन लावलेला वरचा सा. ते सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रात, घालतो आणि त्यांवर बीट बांधतो. हे काम सुरू केल्यापासून एकच तक्रार माझ्याकडे तीन वेळा आली: गायिका वर गेली की आवाज फाटतो.

पहिल्या वेळी दोष सापडला, दुरुस्त झाला, दोन महिने बरे गेले. मग पुन्हा तेच. मला वाटलं जुनंच दुखणं उलटलं, म्हणून मी जुनाच उपाय करत राहिलो आणि दोन आठवडे वाया गेले. तिसऱ्या वेळीही तसंच झालं. तिन्ही वेळा कानाला ऐकू येणारं लक्षण जवळजवळ सारखं होतं आणि कारण मात्र साखळीच्या वेगवेगळ्या कडीत होतं. आवाज फाटण्याची तक्रार पुन्हापुन्हा येत असेल तर पहिली शंका हीच घ्या की ही तक्रार जुनी नाही, नवीन आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. फाटलेला आवाज नंतर सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नाही. टिकटिक काढता येते, खरखर कमी करता येते, पण लाटेचे शेंडे एकदा कापले गेले की तिथे काय होतं याचा फक्त अंदाज करता येतो. सॅम्पलमध्ये तर हा दोष आणखी बोचतो, कारण चार सेकंदांचा तुकडा तुम्ही गाण्यात पन्नास वेळा वाजवणार असता. म्हणून रेकॉर्डिंग थांबवून आधी दोष शोधायचा.

आधी कानाने वर्गवारी

आपण सगळ्यालाच ‘फाटतो’ म्हणतो, पण नीट ऐकलं तर त्यात तीन-चार वेगळे प्रकार असतात. पहिला प्रकार जाड, भसाडा आणि सतत असतो. खर्ज फुगलेला, वरचे स्वर दबलेले, हळू भागातही आवाज घोगरा. दुसरा फक्त मोठ्या आवाजाच्या क्षणी येतो: तबल्याची थाप, तार सप्तकातला स्वर, वाद्यमेळ एकदम सुरू होतो ती जागा. तिसरा ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांवर थुंकल्यासारखा फिस्सकन येतो, आणि रेकॉर्डच्या सुरुवातीला कमी, शेवटच्या गाण्यात जास्त असतो. पहिला बहुधा चुकीच्या जोडणीचा, दुसरा बहुधा पातळीचा, तिसरा जवळजवळ नेहमी सुईचा किंवा खाचेचा. यांच्याशिवाय सारख्या अंतराने येणारी तडतड असते. ती लॅपटॉपची, तिच्याकडे शेवटी येऊ.

मग एक चाचणी करा. तिला पाच मिनिटं लागतात आणि अर्धं घर तपासून होतं. टर्नटेबल आणि प्रीअँप (त्याचा अशक्त सिग्नल वाढवणारी डबी) बाजूला काढा. ज्या तारा इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपला देणारा डबा) किंवा सॅम्पलरमध्ये जातात त्यांच्यात फोनच्या हेडफोन जॅकमधून एखादं स्वच्छ गाणं सोडा, फोनचा आवाज साधारण तीन चतुर्थांश ठेवा आणि तसंच रेकॉर्ड करा. हे स्वच्छ आलं तर दोष टर्नटेबलच्या बाजूला. हेही फाटलं तर सुई, वजन, रेकॉर्ड यांना हात लावू नका, दोष पुढे आहे. पहिल्या वेळी मी हे केलं नाही. उलट सुई बदलली, तार बदलली, रेकॉर्ड धुतली, आणि तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी केल्यामुळे कशाने काय फरक पडला तेही कळलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दरवेळी त्याच रेकॉर्डची तीच दहा सेकंदं वाजवायची. माझ्याकडे यासाठी एक ठरलेली ईपी आहे. तिच्यातली दुसऱ्या कडव्याची सुरुवात मला आता पाठ आहे.

पहिली तक्रार: दोन प्रीअँप एकावर एक

पहिलं कारण समजण्यासाठी रेकॉर्डवर आवाज कसा लिहिलेला असतो ते थोडं माहीत हवं. खर्जाच्या लाटा पूर्ण आकाराने कापल्या तर खाच इतकी रुंद डुलेल की एका बाजूवर फार थोडं संगीत मावेल. म्हणून कापताना खर्ज दाबतात आणि वरचे स्वर उचलतात, आणि वाजवताना नेमकं उलटं करतात. या उलटसुलटीचं प्रमाण १९५४पासून ठरलेलं आहे, त्याला आरआयएए म्हणतात. वाजवताना २० हर्ट्झच्या आसपास सुमारे २० डेसिबल वाढ आणि २० हजार हर्ट्झला सुमारे २० डेसिबल घट, मधल्या १००० हर्ट्झच्या तुलनेत. फोनो प्रीअँप हे काम करतो. शिवाय तो सिग्नल वाढवतो. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई ज्यात बसते तो चुंबकावर चालणारा भाग) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, आणि प्रीअँप त्याला साधारण शंभरपट करून लाइन पातळीला, म्हणजे मिक्सर-इंटरफेसना चालणाऱ्या नेहमीच्या पातळीला, आणतो.

आजकालच्या पुष्कळ टर्नटेबलमध्ये हा प्रीअँप आतच बसवलेला असतो आणि मागे एक बारीक खटका असतो: फोनो आणि लाइन. माझा खटका लाइनवर होता, म्हणजे आतला प्रीअँप चालू. मित्राकडून आणलेल्या मिक्सरवर ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेट दिसलं, टर्नटेबल फोनोचं म्हणून मी तार त्यातच खोचली. आता हिशेब करा. ४ मिलिव्होल्टचे शंभरपट ०.४ व्होल्ट. त्याचे पुन्हा शंभरपट ४० व्होल्ट. मिक्सरच्या आतला वीजपुरवठाच बारा-पंधरा व्होल्टच्या घरातला, तर चाळीस येणार कुठून? लाटेचं डोकं छताला आपटून सपाट होतं. त्यावर खर्जाची वाढ दोनदा आणि वरच्या स्वरांची घट दोनदा. म्हणून तो आवाज नुसता फाटलेला नसतो, ओल्या घोंगडीखालून आल्यासारखा असतो. हे एकदा ऐकलं की पुन्हा ओळखायला चूक होत नाही.

उपाय एवढाच: संपूर्ण साखळीत फोनो प्रीअँप एक आणि एकच. टर्नटेबलचा खटका लाइनवर असेल तर पुढे साधं लाइन सॉकेट. खटका फोनोवर असेल तर पुढे फोनो सॉकेट. दोन्हींपैकी कुठला प्रीअँप चांगला हे ऐकून ठरवा. माझ्या बाबतीत मिक्सरचा जास्त शांत होता, म्हणून आतला बंद ठेवला.

याच्या उलट चूक म्हणजे एकही प्रीअँप नसणं. तेव्हा आवाज बारीक, पत्र्यासारखा आणि खर्ज गायब. सिग्नल लाइन पातळीच्या साधारण शंभरपट कमी असतो, म्हणून माणूस इंटरफेसचा माइक गेन (सिग्नल वाढवायचं बटण) शेवटपर्यंत पिळतो, आणि मग गुणगुण, खसखस आणि टोकदार ‘स’ यांचं मिश्रण मिळतं. तेही लोक फाटणंच समजतात. सॉफ्टवेअरमध्ये आरआयएए लावून हे सुधारता येतं असं सांगणारे भेटतील. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे, पण कार्ट्रिजला समोर ४७ किलोओहमचा भार हवा असतो आणि माइक सॉकेट तो देत नाही. साधा वेगळा प्रीअँप घेणं सोपं आहे.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लाइनचा सिग्नल घालणं हीसुद्धा याच जातीची चूक. ते सॉकेट बहुधा मोनो असतं आणि माइकच्या अशक्त सिग्नलसाठी बनवलेलं. प्रीअँपमधून आलेला सिग्नल त्याला झेपत नाही, मग विंडोजमधली पट्टी खाली ओढून काही होत नाही. आवाज त्या पट्टीच्या आधीच फाटलेला असतो.

पेटीवाल्या जुन्या प्लेयरची गोष्ट वेगळी

मराठी घरांत माळ्यावर बऱ्याचदा जुना सूटकेससारखा प्लेयर असतो, एचएमव्हीचा फिएस्टा किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादा. तो वाजतोय म्हटल्यावर त्यातूनच सॅम्पल घ्यावंसं वाटतं, मलाही वाटलं. अशा प्लेयरमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते चुंबकावर चालत नाही, दाबाने वीज निर्माण करणाऱ्या पदार्थावर चालतं. त्यातून शे-दोनशे मिलिव्होल्ट किंवा जास्तच मिळतात, आणि खर्ज-तारेचा तोल त्याच्या स्वभावामुळेच बराचसा साधला जातो. त्याला फोनो सॉकेटला जोडलं तर वरचीच चूक वेगळ्या वाटेने होते: सिग्नल आधीच मोठा, त्यावर शंभरपट.

तर मग लाइनला जोडावं? तिथे आवाज फाटत नाही, पण खर्ज गळून जातो. या कार्ट्रिजला समोर सुमारे दहा लाख ओहमचा भार हवा असतो आणि लाइन सॉकेटचा भार त्याच्या शंभराव्या भागाइतका असतो. इथे एक युक्ती चांगली चालते. इंटरफेसवर गिटारसाठी जे ‘इन्स्ट्रुमेंट’ सॉकेट किंवा बटण असतं त्याचा भार साधारण दहा लाख ओहमच असतो. प्लेयरच्या आतल्या अँप्लिफायरला बगल देऊन कार्ट्रिजच्या तारा थेट तिथे नेल्या तर आवाज भरलेला येतो. मात्र जुन्या विजेच्या पेटीत हात घालायचा तर प्लग काढून, आणि जमत नसेल तर जाणत्या माणसाकडूनच. काही जुन्या प्लेयरमध्ये धातूचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. तसल्या यंत्राची तार लॅपटॉपला जोडणं जिवावर बेतू शकतं.

पण एवढं करूनही मी त्या प्लेयरवर आता चांगली रेकॉर्ड ठेवत नाही. का ते पुढे येईल.

दुसरी तक्रार: मीटर हिरवा, लाट मात्र सपाट

दोन महिन्यांनी पुन्हा आवाज फाटला. खटका तपासला, बरोबर जागी. सॉकेट तपासलं, बरोबर. इंटरफेसचा मीटर हिरवा, कमाल छताच्या सहा डेसिबल खाली, म्हणजे उणे सहाच्या आसपास. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कापलेले शेंडे लाल रेषेत दाखवायची सोय असते, तिथेही एकही लाल रेष नाही. म्हणून मी मानून चाललो की पातळी ठीक आहे, आणि सुईच्या मागे लागलो.

मग एके दिवशी लाट खूप मोठी करून पाहिली. तबल्याच्या प्रत्येक थापेवर शेंडा कात्रीने कापल्यासारखा सपाट, आणि सगळे शेंडे एकाच उंचीवर, उणे सहावर. तिथे उत्तर होतं. सॉफ्टवेअर फक्त स्वतःच्या छताला लागलेली लाट लाल दाखवतं. आधीच कुठेतरी कापलेली लाट खाली करून त्याच्याकडे आणली तर त्याला ती निरोगी दिसते. माझ्या मिक्सरवर चॅनेलचा वरचा ट्रिम, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण, खूप चढलेला होता, आणि आवाज फार मोठा येतो म्हणून मी खालचा मास्टर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या आवाजाचं बटण, उतरवलेला. चॅनेलमध्ये लाट फाटत होती आणि मास्टर तिला शांतपणे लहान करून पुढे धाडत होता.

तेव्हापासून पातळी लावायचा माझा क्रम सुईकडून लॅपटॉपकडे असतो, उलट कधीच नाही. रेकॉर्डवरची सर्वांत मोठ्या आवाजाची जागा शोधायची. ती डोळ्यांनीही दिसते, तिरप्या उजेडात तिथल्या खाचा जास्त खडबडीत दिसतात. ती वाजवत मिक्सरचा ट्रिम असा ठेवायचा की चॅनेलचा लाल दिवा एकदाही लागणार नाही. मास्टर त्याच्या मधल्या खुणेवर. मग इंटरफेसचा गेन, सर्वांत उंच शेंडा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान येईल असा. रेकॉर्डिंग २४ बिटवर. उणे १२ला घेतल्याने काही हरवत नाही. चांगल्या रेकॉर्डवरसुद्धा खाचेच्या खरखरीपासून मोठ्यात मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर साधारण ६० ते ७० डेसिबल असतं आणि २४ बिटमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त जागा आहे. शक्य असेल तर मिक्सर मधून काढूनच टाका. वेगळा प्रीअँप आणि थेट इंटरफेसचं लाइन सॉकेट, एवढी आखूड साखळी सर्वांत बरी.

इंटरफेसवरचं ते ‘इन्स्ट्रुमेंट’ बटण या वेळी मात्र बंद हवं. बऱ्याच इंटरफेसमध्ये त्या स्थितीत मोठा सिग्नल घेण्याची कुवत लाइनपेक्षा कमी असते. सिरॅमिकसाठी घेतलेली सोय प्रीअँपच्या सिग्नलला नडते. सॅम्पलरवर माइक-लाइन असा खटका असेल तर तोही पाहा.

एक उपकारण सांगतो, कारण ते चटकन लक्षात येत नाही. आपल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड वाकतात. वाकलेल्या रेकॉर्डवर सुई वरखाली होते आणि कानाला ऐकू न येणारी संथ, प्रचंड लाट सिग्नलमध्ये शिरते. स्पीकरचा पडदा नुसताच हलताना दिसतो. ती लाट सगळी जागा खाते, मग साधी थापही छताला लागते. प्रीअँपवर सबसॉनिक फिल्टर असेल तर चालू करा, नसेल तर रेकॉर्ड केल्यावर २०-३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका आणि मगच आवाज वाढवा. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर असतील तर जवळपास असाच घुमारा स्पीकरच्या धक्क्यानेही येतो. सॅम्पल घेताना मी स्पीकर बंद ठेवतो, हेडफोनवर ऐकतो.

तिसरी तक्रार: शेवटचं गाणं

या वेळी फाटणं फक्त ‘स’वर होतं, फक्त शेवटच्या गाण्यांत, आणि उजव्या कानात जास्त. गेन कमी केला तरी आवाज लहान झाला, फाटणं तेवढंच राहिलं. विजेच्या दोषात गेन कमी करून आराम पडतो. इथे पडला नाही, म्हणजे दोष सुई आणि खाच यांच्यामध्ये. खात्री करायला मी टर्नटेबलकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली. फाटणं डाव्या कानात गेलं, म्हणजे पुढची यंत्रं निर्दोष. ते उजव्यातच राहिलं असतं तर प्रीअँपची उजवी बाजू नादुरुस्त असती.

शेवटच्या गाण्यावरच का? बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरही आणि आतही. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाला सुमारे २१. तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. ‘स’मध्ये १० हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर असतात. बाहेर त्यांची एक लाट ५१ मायक्रॉन लांब, आत २१ मायक्रॉन. आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन. आतल्या वळणांत ती मावतच नाही, ती कडेकडेने धडपडत जाते. अंडाकृती टोकाच्या सुईचा फरक इथेच सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि माझ्या मते सॅम्पल घेणाऱ्याने पैसे खर्च करायची ही पहिली जागा आहे. टर्नटेबल नंतर बदला, आधी सुई. मात्र रेकॉर्ड मागेपुढे फिरवून जागा शोधायची सवय असेल तर त्या कामासाठी गोल टोकाची सुई जास्त टिकते आणि खाचेलाही सोसते. जागा शोधायला एक, रेकॉर्डिंगला दुसरी, असं करता आलं तर उत्तम.

माझी सुई अंडाकृतीच होती. दोष वजनात, म्हणजे सुई खाचेवर किती ग्रॅमने टेकते त्यात, निघाला. रेकॉर्ड जुन्या, आजोबांच्या, म्हणून त्यांना जपायचं ठरवून मी वजन मुद्दाम हलकं ठेवलं होतं, १.२ ग्रॅम, जेव्हा त्या कार्ट्रिजला २ ग्रॅम लागतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. हलकी सुई मोठ्या वळणावर खाचेची भिंत सोडते आणि परत येऊन तिच्यावर आदळते. हिऱ्याचा तो आघात मऊ व्हिनाइलवर कायमची खूण सोडतो. थोडं जास्त वजन खाचेला जितकं झिजवतं त्याहून जास्त इजा हे आदळणं करतं. उदाहरणं द्यायची तर ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम, ऑर्टोफॉन टूएम रेडला १.८ ग्रॅम, आणि डीजेच्या कॉनकॉर्डला ३-४ ग्रॅम सांगितलेले असतात. तुमच्या कार्ट्रिजच्या कागदावरचा आकडा घ्या आणि शंका असेल तर दिलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूला राहा. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या हाताच्या) चकतीवर विसंबू नका, छोटा डिजिटल काटा घ्या. माझी चकती २ दाखवत होती तेव्हा काटा १.६ दाखवत होता, कारण शून्याचा तोल मी नीट साधला नव्हता.

उजव्या कानाचं उत्तर अँटीस्केटिंगमध्ये, म्हणजे टोनआर्मला हलकंच बाहेर ओढणाऱ्या सोयीत, होतं. फिरती रेकॉर्ड हाताला आत ओढते, सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरची भिंत सुटते. स्टिरिओ खाचेत आतली भिंत डावा आवाज सांभाळते, बाहेरची उजवा. म्हणून उजवीकडे आधी फाटत असेल तर अँटीस्केटिंग थोडं वाढवा, डावीकडे फाटत असेल तर कमी करा. मी शून्यावर विसरलो होतो.

यानंतरही आत फाटत असेल तर कार्ट्रिजची बैठक बघायची. तिरपं बसलेलं कार्ट्रिज आतल्या खाचांत सर्वांत जास्त चुकतं. यासाठी छापील जाळीची पट्टी मिळते. तिच्यावरच्या दोन बिंदूंना, सामान्य मापात केंद्रापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवर, कार्ट्रिजच्या कडा रेषांशी समांतर यायला हव्यात. टेक्निक्स एसएल-१२००सारख्या टर्नटेबलला १५ मिलिमीटर पुढे येण्याचं स्वतःचं माप आहे, तिथे तेच पाळावं. हे काम सकाळच्या उजेडात, चहा-बिहा लांब ठेवून करा. आणि हेडशेलच्या (कार्ट्रिज ज्याला बसवतात त्या टोपणाच्या) चार तारा काढल्या असतील तर रंग सांभाळा: पांढरी डावी, निळी डाव्याची जमीन (अर्थ), लाल उजवी, हिरवी उजव्याची जमीन. एका बाजूच्या दोन उलट झाल्या तर स्टिरिओत फक्त विचित्र वाटतं, पण सॅम्पलर मोनोवर टाकला की गायिका जवळजवळ नाहीशी होते.

हे सगळं करण्याआधी अर्थात सुई बघा. टोकावर करड्या धुळीचा बोंडा जमलेला असेल तर वरच्या सगळ्या लक्षणांची नक्कल तो एकटा करतो. मऊ ब्रशने मागून पुढे, टोनआर्मच्या बिजागरीकडून तोंडाकडे, कधीही उलट किंवा आडवं नाही. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. जुन्या बाजारातून घेतलेल्या टर्नटेबलवरच्या सुईचे किती तास झाले हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून ती आल्या दिवशीच बदलावी. झिजलेल्या सुईच्या कडा धारदार होतात आणि ती तुमची चांगली रेकॉर्ड खरवडते.

रेकॉर्डच फाटलेली असेल तर

आता पेटीवाल्या प्लेयरबद्दल. त्यांचे हात जड असत, सुया वर्षानुवर्षं बदलल्या जात नसत, आणि घरात गाणं आवडतं म्हणून तीच रेकॉर्ड शंभर वेळा लागे. सर्वांत आवडत्या गाण्याची खाच म्हणूनच सर्वांत जास्त झिजलेली सापडते. अशा जागी सुई, वजन, पातळी सगळं बरोबर असूनही वरचा सा फाटतो. ओळखायचं कसं? त्याच रेकॉर्डचं न आवडलेलं गाणं लावा. ते स्वच्छ असेल आणि आवडतं फाटत असेल तर दोष खाचेत आहे. मी दुसरी खूणही वापरतो: मिनिटाला ४५ फेऱ्यांची ईपी ३३वर लावून ऐकतो. सुई घसरत असेल तर वेग कमी झाल्यावर फाटणं निवळतं, खाचच खराब असेल तर ते हळू चालीतही तसंच राहतं.

तरीही सगळं हातचं जात नाही. एकोणीसशे साठच्या दशकातल्या पुष्कळ मराठी ईपी मोनो आहेत. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीत येतो तो कचरा, खरखर आणि सुईच्या चेंगरण्याने जन्मणारी विकृती. डावा-उजवा समान मिसळून मोनो केला की उभा भाग वजा होतो. माझ्या काही रेकॉर्ड एवढ्यानेच वाचल्या. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकून ज्या भिंतीची झीज कमी ती एकच घेणं. जुन्या प्लेयरवर हात आत ओढला जात असे, त्यामुळे दोन्ही भिंती सारख्या झिजलेल्या क्वचितच असतात. तिसरा उपाय वेगळ्या आकाराची सुई. गोल सुईने झिजवलेल्या खाचेत अंडाकृती सुई थोड्या वेगळ्या उंचीवर टेकते, आणि तिथली भिंत कधी कधी शाबूत असते.

मळलेली रेकॉर्ड आणि झिजलेली रेकॉर्ड यांत गल्लत करू नका. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी चढते आणि तिचा आवाजही खडबडीत असतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून, खाचेच्या दिशेने मऊ कापडाने पुसलं की ती जाते. पण हे फक्त व्हिनाइलला. ७८च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना नुसतं पाणी, तेही थोडं, आणि लेबल भिजू न देता. त्या तबकड्यांना सुईही वेगळी लागते, टोक जवळपास ७६ मायक्रॉन त्रिज्येचं. एलपीची सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि जो आवाज येतो त्याला लोक ‘जुन्या रेकॉर्डचा आवाज’ म्हणून स्वीकारतात. आजोबांची एक नाट्यपदाची तबकडी मी योग्य सुईने वाजवली तेव्हा ऑर्गनच्या आत श्वास भरल्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

राहिलेलं थोडंसं

सारख्या अंतराने तडतड येत असेल, आणि रेकॉर्ड थांबवली तरी येत असेल, तर ती लॅपटॉपची. सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) वाढवा, इंटरफेस आणि सॉफ्टवेअर दोन्ही सेकंदाला नमुने घेण्याच्या एकाच दरावर आहेत ना पाहा, ४४,१०० तर दोन्हीकडे ४४,१००. यूएसबी टर्नटेबलला विंडोज कधी माइक समजतं. तिथे दोन चॅनेल निवडा आणि आवाज ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या खुणा काढा. ५० हर्ट्झची गुणगुण म्हणजे टर्नटेबलची बारीक जमिनीची तार प्रीअँपच्या स्क्रूला लावायची राहिली.

सॅम्पल घेतलेली फाइल स्वच्छ आणि गाण्यात वाजवल्यावर मात्र फाटते, असं झालं तर टर्नटेबलची चौकशी बंद करा. ताल जुळवायला तुकडा ताणला असेल तर ती ताणण्याची पद्धत बदला. तालवाद्याची पद्धत गाण्याच्या आवाजावर लावली की कडकड येते. आणि मास्टरवर ढोलकी, बेस आणि सॅम्पल मिळून छताला लागत आहेत का ते बघा. सॅम्पलची पट्टी सहा डेसिबल खाली आणल्यावर पुष्कळदा एवढ्यातच प्रश्न मिटतो.

मुद्दाम खरबरीत आवाज हवा असणाऱ्यांसाठीही एवढंच. १९८७च्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरचा जो दाणेदार आवाज लोक शोधतात तो १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगचा आहे. त्यात सगळं मिळून जेमतेम दहा सेकंद मावत, म्हणून निर्माते ३३ची रेकॉर्ड ४५वर वाजवून आत घेत आणि आत गेल्यावर ती खाली ओढत. तो दाणा स्वच्छ रेकॉर्डिंगवर नंतर हवा तेवढा चढवता येतो. म्हणून मी मूळ फाइल नेहमी २४ बिटची, काही न लावलेली ठेवतो, आणि तिच्या नावात तीन गोष्टी लिहितो: कुठली सुई, किती ग्रॅम, मोनो की स्टिरिओ. चौथ्यांदा आवाज फाटेल तेव्हा जुन्या फाइलशी ताडून पाहता येईल.